मंगळवारचं विणकाम

आमची मुलगी गेली ती भाद्रपदात. नुकती बसायला लागली होती. पाठीशी उशी नसली तरी डुलत डुलत बसायची, आणि पडली की स्वतःच हसायची. ताप आला, उतरला, परत आला, आणि मग काही उरलं नाही. आई हिंगणीहून आली होती, ती सुतक फिटल्यावरही काही आठवडे माझ्याजवळ राहिली. पण तिकडे तिचंही घर होतं, वडिलांचं किराण्याचं दुकान होतं, माझ्या पाठची भावंडं होती. निघताना म्हणाली, "रडून घे बाई. कोंडून ठेवू नको." तिची मोटार सुटेपर्यंत मी थांबले आणि घरी परत आले.

रडू आलं नाही. सकाळचा स्वयंपाक व्हायचा, हे जेवून कचेरीत जायचे, मी भांडी भांडेवालीपुढे टाकायची आणि खिडकीशी बसायची. आमचं घर वर्ध्यात, स्टेशनपासून फार लांब नव्हतं. गाड्या यायच्या, जायच्या. दिवेलागणीला हे परत यायचे तेव्हा मी त्याच जागी असायची. कधी कधी चूल पेटवायचीही राहून गेलेली असायची. हे स्वतः उठून चूल फुंकायला बसत, आणि मग मला लाज वाटून मी उठायची.

एका संध्याकाळी जेवताना मान खाली घालूनच म्हणाले, "वकिलाच्या घरी मंगळवारी बाया जमतात. लोकरीचं विणकाम करतात. तू जाऊन पाह्य एकदा."

"मले नाई येत विणकाम."

"कोणाले येते? शिकशीन."

"थ्या मोठ्या घरच्या बाया. मी काय बोलू त्याइच्याशी?"

"बोलाचं काय काम आहे? हातानं विणाचं."

पुष्कळ नंतर मला कळलं की हे त्याआधी वकिलांच्या घरी स्वतः गेले होते. कचेरीतला साधा कारकून, काही काम नसताना, टोपी हातात धरून त्यांच्या पडवीत उभा राहिला आणि माझ्या बायकोला तुमच्याकडे येऊ द्याल का असं विचारलं. यांच्यासारख्या भिडस्त माणसाला ते किती जड गेलं असेल, याची कल्पना मला आहे.

वकिलीणबाई पुण्याकडच्या. उंच, गोऱ्या, बोलणं अगदी पुस्तकातल्यासारखं. त्यांच्या घराच्या मागच्या बाजूला रुंद पडवी होती, तिथे जेवणं आटपल्यावर बायका जमत. सात-आठ जणी असू. वेताच्या चार खुर्च्या होत्या आणि बाकी सतरंजी. खुर्चीवर कोणी बसायचं हे कोणी सांगत नसे, पण चुकतही नसे. वकिलीणबाई, एका हायस्कूलच्या मास्तरांची बायको, दोघी अधिकाऱ्यांच्या बायका. आम्ही बाकीच्या खाली. मला त्याचं वाईट वाटलं नाही. खाली बसलं की भिंतीला टेकता यायचं.

वर्ध्यात लोकरीचं विणकाम ही तशी हसण्यासारखीच गोष्ट. थंडी म्हणावी अशी पडणार महिना-दीड महिना. चैत्रापासून तर सुया घामानं हातातून निसटत आणि लोकर तळव्याला चिकटे. सगळा मुलूख कापसाचा, घरोघर चरखे, आणि आम्ही कोणा ना कोणाकडून नागपूरहून लोकरीच्या लड्या मागवून उन्हाळ्यातसुद्धा स्वेटर विणत बसायचो. पण विणकाम हे निमित्त होतं. दुपारी घराबाहेर पडायला बाईमाणसाला काहीतरी कारण लागे, आणि हातात सुया असल्या की तिला कोणी रिकामटेकडी म्हणत नसे.

पहिल्या दिवशी मी पडवीच्या पायऱ्या चढले आणि बोलणं थांबलं. सगळ्यांना माहीत होतं. एकीनं मांडीवरचं काहीतरी पदराखाली सरकवलं. ते बाळाचं टोपडं होतं, मी पाहिलं होतं. वकिलीणबाई म्हणाल्या, "या, बसा ना. संकोच नको." मग त्यांनी मला सुया दिल्या, तपकिरी लोकर दिली आणि पुरुषाच्या मफलरचे टाके घालून दिले. सोपं म्हणून सुरुवातीला मफलर, असं म्हणाल्या. बाकीच्या सगळ्या जणी लहान मुलांचंच विणत होत्या. मोजे, टोपडी, बिनबाह्यांचे स्वेटर. पुढेही मला कोणी कधी तसलं काही विणायला दिलं नाही. मफलर झाला की दुसरा मफलर. त्यांच्या मनात चांगलंच होतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

विणकामाचे शब्द तिथे दोन प्रकारचे होते. वकिलीणबाई टाके म्हणत, सुलट-उलट म्हणत. पण मुळात ही विद्या त्या पडवीत आणली ती एका ओव्हरसियरच्या बायकोनं. ती जबलपूरकडची. ती टाक्याला फंदा म्हणे आणि सुईला सलाई. आमचा जिल्हा तेव्हा मध्यप्रदेशात, त्यामुळे तिकडची नोकरदार कुटुंबं इकडे पुष्कळ. वर्ध्यात येऊन तिला चार-पाच वर्षं झाली होती. मराठी सगळं समजे, बोलताना मात्र हिंदीच बोले, मध्येच एखादा वऱ्हाडी शब्द टाकून. सगळ्या तिला भाभी म्हणत. मीही म्हणू लागले. ती सतरंजीवर माझ्या शेजारी बसे.

पहिले तीन-चार मंगळवार मी एक अक्षर बोलले नाही. मग फराळाची पाळी माझ्यावर आली. प्रत्येकीनं पाळीपाळीनं काहीतरी करून न्यायचं, चहा वकिलीणबाईंचा. मी सकाळपासून खपून वड्या केल्या. मास्तरीणबाईंनी एक उचलली, मोडून पाहिली.

"कशाच्या आहेत हो?"

"सांबाराच्या."

"सांबार? ते मद्रासी? ते तर पातळ असतं."

मी गोंधळले. "नाई, सांबार. हिरवा. बाजारात भेटते थो."

मग कोणीतरी कोथिंबीर म्हणाली आणि सगळ्या हसल्या. वाईट हसणं नव्हतं ते. मास्तरीणबाई डोळे पुसत म्हणाल्या, "अहो, तुमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात होय? गंमतच आहे." त्या स्वतः खानदेशातल्या, पण पुण्याला शिकलेल्या. मी हसल्यासारखं केलं. त्यानंतर मी घरी पोळ्या लाटताना मनातल्या मनात वाक्यं घोळवू लागले. मले नाही, मला. काऊन नाही, का. पडवीत बोलायचं ते आधी तयार करून न्यायची, आणि बोलायची वेळ येईपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा.

त्या हसण्यात भाभी नव्हती. तिनं वडी खाल्ली, आणखी एक घेतली, आणि माझ्याकडे वळून हळू म्हणाली, "हमारे यहां धनिया कहते हैं. जीभ को क्या पता नाम." मग तिनं आपली पिशवी उघडली, लोकरीची लडी काढली आणि माझ्यापुढे धरली. "पकडेगी?"

लडीचा गुंडा करायचा असला की दोघी जणी लागतात. एकीनं दोन्ही हात पुढे करून त्यांवर लडी ताणून धरायची, दुसरीनं धागा उलगडत गुंडाळायचा. धरणारीला हात डावी-उजवीकडे झुलवावे लागतात, नाहीतर धागा अडकतो. समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लावून बसावं लागतं. मी लडी धरली. ती गुंडाळता गुंडाळता मान वर न करता म्हणाली, "नाम क्या था गुडिया का?"

तिच्या जाण्याला तेव्हा तीन महिने होत आले होते. आईसकट कोणी तिचं नाव माझ्यापुढे घेतलं नव्हतं. यांनीसुद्धा नाही. मी नाव सांगितलं. हात तसेच झुलत राहिले. भाभीनं ते नाव एकदा आपल्या तोंडानं म्हणून पाहिलं, तिच्या हिंदी उच्चारात, आणि म्हणाली, "अच्छा नाम है." मग दात आले होते का, रंग कसा, कोणावर गेली होती, एकेक विचारत गेली. मी एकेक सांगितलं. माझ्या वऱ्हाडीतच सांगितलं. लडी संपली तेव्हा माझे हात तसेच वर राहिले होते. ते तिनं खाली केले.

त्यानंतर मी मंगळवारची वाट पाहू लागले. खोटं कशाला सांगू, पडवीतल्या बाकीच्यांची नव्हे, तिची. ती मला छोटी म्हणे, जरी आमच्यात दोन-तीन वर्षांचंच अंतर असेल. तिच्या लड्या मी धरायची, माझ्या ती. मास्तरीणबाई एकदा म्हणाल्या, "तुम्हा दोघींचं काय एवढं कुजबुजणं चालतं? आम्हालाही सांगा की." भाभी म्हणाली, "फंदे गिन रहे हैं."

पौषात वकिलीणबाईंनी पवनारची सहल ठरवली. सगळ्या जणी मोटारीनं गेलो, डबे आणि सुया घेऊन. धाम नदीला पाणी बेताचं होतं, खडक उघडे पडले होते, ऊन कोवळं होतं. खुर्च्या नव्हत्या, त्यामुळे सगळ्या एकाच सतरंजीवर बसल्या, आणि कधी नव्हे ती मास्तरीणबाई गाणं म्हणाल्या. आवाज गोड होता त्यांचा. जेवणं झाल्यावर भाभी आणि मी पाण्यात पाय सोडून बसलो. तिथे तिनं तिचं सांगितलं. "मेरे दो गये," म्हणाली. एक पाचव्या महिन्यात, एक सातव्यात. दुसरा मुलगा होता. सासूनं तिला पाहूही दिला नव्हता. "तूने तो देखा. गोद में लिया. मुझे तो पता ही नहीं कैसा था."

मी तिचा हात धरला. पाणी थंड होतं, पाय बधिर झाले तरी आम्ही उठलो नाही. वरून वकिलीणबाईंनी हाक मारली तेव्हा उठलो. परतीच्या मोटारीत ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली.

त्या दिवशी घरी आल्यावर मी यांना सहलीचं सगळं सांगितलं. मास्तरीणबाईंचं गाणं, डब्यातलं कोणी काय आणलं होतं, नदी. भाभीनं सांगितलेलं सोडून. हे ऐकत राहिले. मग म्हणाले, "चांगल्या बाया आहेत ना?" मी हो म्हटलं. त्यांचा चेहरा इतका मोकळा झालेला मी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता.

होळीच्या सुमारास भाभीला दिवस गेल्याचं पडवीत कळलं. तिनं मला आधी सांगितलं नव्हतं. दोनदा असं झाल्यावर कोण सांगेल, असं मी स्वतःला समजावलं. एका मंगळवारी मी जरा उशिरा पोचले तर ती खुर्चीवर बसली होती. अधिकाऱ्यांच्या बायकांपैकी एकीनं आपली खुर्ची तिला दिली होती, तिला खाली-वर बसणं नको म्हणून. मी नेहमीच्या जागी सतरंजीवर बसले. माझ्याजवळ नवी लडी होती. मी वर पाहिलं आणि नुसती लडी दाखवली. भाभी म्हणाली, "आज नहीं, छोटी. हाथ दुखते हैं." मग तिनं नजर खाली घातली. मी लडी माझ्याच गुडघ्यांवर चढवली आणि एकटीनं गुंडाळली. तसंही करता येतं. वेळ लागतो आणि गाठी पडतात.

पुढच्या मंगळवारी तिची स्वतःची लडी होती. ती तिनं खुर्चीच्या पाठीवर अडकवून गुंडाळली.

ती माझ्याशी बोलत नव्हती असं नाही. कशी आहेस विचारी, चहाचा कप पुढे सरकवी. पण माझ्या जवळ येत नसे, आणि मी जवळ गेले की काहीतरी निमित्तानं उठे. मला कळायला हवं होतं. मला कळतही होतं, पण कळून घ्यायचं नव्हतं. उन्हाळाभर मी तशीच जात राहिले.

आषाढ लागायच्या आधी मास्तरीणबाई माझ्या घरी आल्या. त्यापूर्वी त्या कधी आल्या नव्हत्या. मी चहा टाकला. त्यांनी घर पाहिलं, खिडकी पाहिली, पावसाचं बोलल्या. मग कप खाली ठेवून म्हणाल्या, "शुक्रवारी भाभींचं डोहाळजेवण आहे वकिलीणबाईंकडे. तिच्याकडे अशी रीत नाही म्हणे, पण आम्ही म्हटलं, करू या."

"हो का. काय काय आणू मी?" मी विचारलं.

त्यांनी कप पुन्हा उचलून ठेवला. चांगली बाई होती ती, त्यांना ते जड जात होतं. "राग मानू नका," म्हणाल्या. "माझा यावर विश्वास नाही. वकिलीणबाईंचाही नाही. पण तिची दोन गेलेली आहेत. तिचं मन फार भित्रं झालंय. तुम्ही त्या दिवशी आला नाहीत तर बरं."

"भाभी म्हणाली असं?"

"तिनंच सांगितलं. म्हणून तर मी आले. रडली हो सांगताना."

मी म्हटलं, "बरं." मग म्हटलं, "नाही येत मी. तिला म्हणावं, काळजी करू नको." शुद्ध बोलले. एकही शब्द चुकला नाही.

त्या गेल्यावर मी कप विसळले. मला तिचा राग आला का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. यायला हवा होता. पण माझ्या पोटात पुन्हा काही असतं आणि माझ्यासारखी एखादी समोर बसली असती, तर मी तरी काय केलं असतं? मला उत्तर माहीत होतं, म्हणून रागही धड येईना. राग आला असता तर मंगळवारी जायचं बंद तरी केलं असतं. मी जातच राहिले. घरी बसून करायचं काय, आणि यांना सांगायचं काय?

दिवाळीनंतर भाभीला मुलगा झाला. तिची सासू इथेच येऊन राहिली होती. बाळंतपण नीट झालं, बाळ चांगलं भरलेलं होतं, असं पडवीत कळलं. सगळ्या जणी पाहून आल्या. माझ्यापुढे कोणी फार वर्णन केलं नाही.

मी तेव्हा एक स्वेटर विणला. मफलर सोडून पहिलीच वस्तू. फिकट पिवळी लोकर होती, कडेला जाळीचा नमुना घातला. तो भाभीनंच शिकवलेला, दोन फंदे एकत्र आणि एक सोडलेला. घरीच विणला, दुपारच्या वेळी खिडकीशी बसून. यांनी पाहिला, विचारलं, "कोणासाठी?" मी म्हटलं, "भाभीच्या पोरासाठी." त्यांनी तो हातात घेतला, बाहीत दोन बोटं घालून पाहिली आणि परत ठेवला. मी स्वतः नेऊन देणार नव्हते. मास्तरीणबाईंच्या हाती दिला. "माझं नाव सांगितलं नाही तरी चालेल," असं म्हटलं. पण नाव सांगायची गरज नव्हती. ती जाळी पाहून ती ओळखणारच होती.

थंडी पडली. त्या वर्षी जरा जास्तच पडली. एका सकाळी आमची भांडेवाली आपल्या नातीला घेऊन आली. लेक बाळंतीण होती, पोरीला सांभाळायला कोणी नव्हतं. पोरगी दीड-दोन वर्षांची, अंगानं किडकिडीत. तिच्या अंगात तो पिवळा स्वेटर होता. तिला तो आखूड होता, पोट उघडं पडत होतं, आणि बाह्या कोपरापर्यंतच येत होत्या.

मी विचारलं, "हा कुठून भेटला?"

भांडेवाली राख घेऊन परातीशी बसली होती. "ओरसियर बाईनं देल्ला. त्याइच्या घरीबी मीच भांडे करतो ना. नवाकोरा आहे, बाई. पोराच्या अंगात घातलाबी नाई. म्हणे, घेऊन जाय, आमच्या घरात ठेवू नको."

पोरगी माझ्या जवळ आली आणि माझ्या पातळाला धरून उभी राहिली. नाक वाहत होतं तिचं. मी तिचं नाक पुसलं. तो स्वेटर जवळून पाहिला. बटणं जागच्या जागी होती. काही उसवलं नव्हतं.

"गरम पाण्यात धुवू नको," मी भांडेवालीला म्हटलं. "लोकर आटते."

"नाई धुत," ती म्हणाली.

यांना मी सांगितलं नाही. पण पोरगी रोजच येऊ लागली, आणि एका सुटीच्या दिवशी यांनीही तिला पाहिलं. पाहिलं आणि तसेच आत निघून गेले. त्या दिवशी जेवताना मी वाढलं तेवढं त्यांनी खाल्लं आणि ते उठले.

त्याच सुमारास राज्याची मांडणी बदलली. आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला. तिकडच्या नोकरदारांना आपापल्या मुलखात जायचे हुकूम येऊ लागले, आणि पडवीतल्या गप्पांत दुसरा विषय उरला नाही. कोण भोपाळला, कोण रायपूरला. दोघी अधिकाऱ्यांच्या बायका गेल्या. मग ओव्हरसियरांचीही बदली झाली, जबलपूरकडेच. त्यांच्या दृष्टीनं ते घरी जाणंच होतं.

सगळ्या जणी स्टेशनवर पोचवायला गेल्या. मीही गेले. मागे, मास्तरीणबाईंच्या आडोशाला उभी राहिले. भाभी खिडकीशी बसली होती, मुलगा मांडीवर. वकिलीणबाईंनी हार घातला, डबा दिला. भाभीचे डोळे सगळ्यांवरून फिरत फिरत माझ्यापर्यंत आले. मी हात जोडले. तिनंही जोडायला म्हणून एक हात उचलला. दुसऱ्या हातानं मुलाच्या तोंडावर पदर ओढून धरला होता, तो तसाच होता. मला पाहून तो पदर तिनं नकळतच ओढला असावा. गाडी हलली तेव्हा ती रडत होती. कशासाठी, ते मला माहीत नाही. तिचा मुलगा कसा दिसत होता, ते मी कधी पाहिलं नाही.

मंडळ त्यानंतर फार चाललं नाही. मास्तरांनी अमरावतीला नोकरी धरली आणि मास्तरीणबाई गेल्या. दोघी-तिघी घरच्या कामांमुळे गळल्या. खुर्च्या रिकाम्या असायच्या तरी मी सतरंजीवरच बसायची. वकिलीणबाईंनी एकदा म्हटलं, "अहो, वर बसा ना." मी बसले. पण खुर्चीत बसून मला विणता येईना, कोपर कुठे ठेवावं ते कळेना.

एका मंगळवारी आम्ही दोघीच होतो. त्या विणत होत्या, मी विणत होते. दोघींजवळ एकमेकींना सांगण्यासारखं काही नव्हतं. त्या पुण्याबद्दल काही बोलल्या, मी हो म्हटलं. मी पावसाबद्दल बोलले, त्या हो म्हणाल्या. चहा झाला. उन्हं पडवीच्या कडेला गेली. शेवटी त्यांनी सुया लोकरीत खुपसल्या आणि फार सौम्यपणे म्हणाल्या, "पुढच्या मंगळवारी नाही आलात तरी चालेल. मलाही जरा कामं आहेत. आणि दोघींनी बसून मंडळ कसलं?"

"हो," मी म्हटलं. "बरोबर आहे."

मी माझ्या सुया पिशवीत टाकल्या. त्या माझ्या नव्हत्याच, पहिल्या दिवशी त्यांनी दिलेल्या होत्या, ते आठवून मी त्या परत काढून दिल्या. त्यांनी "राहू द्या" म्हटलं नाही.

घरी आले. संध्याकाळी हे कचेरीतून आले, हातपाय धुऊन बसले आणि विचारलं, "काय म्हणतात मंडळातल्या बाया?"

दर मंगळवारी ते हेच विचारत. टोपी हातात धरून पडवीत उभे राहिल्याचं मला तोवर कळलं होतं. स्वेटरचं त्यांना कळलं होतं. तरीही मंगळवारी ते विचारायचे, आणि माझ्या तोंडाकडे पाहायचे.

"चांगल्या आहेत," मी म्हटलं.

पुढच्या मंगळवारी जेवणं झाल्यावर मी पातळ बदललं, पिशवी घेतली आणि नेहमीच्या वेळेला घराबाहेर पडले. यांना कळायची तशी काही शक्यता नव्हती, हे कचेरीत असत. पण शेजारीण पाहते, भांडेवाली पाहते, आणि बोलता बोलता निघून जातं. वकिलांच्या गल्लीशी मी वळले नाही. तशीच सरळ रेल्वेच्या फाटकापर्यंत गेले. फाटक बंद होतं, एक मालगाडी जात होती. ती गेली, फाटक उघडलं, छकडे पुढे गेले, आणि मी मागे फिरले. तेवढ्यानं वेळ भरला नाही म्हणून पुन्हा एकदा फाटकापर्यंत गेले. घरी आले आणि चूल पेटवली.

असे पुष्कळ मंगळवार गेले. मूल पुढे झालं नाही. यांची हिंगणघाटला बदली झाली तोवर मी फाटकापर्यंत जात होते. बदलीच्या वेळी यांनी विचारलं, "वकिलीणबाईले भेटून येत काऊन नाई? एवढे वर्ष गेलती तू तिच्याकडे."

"भेटून आली," मी म्हटलं.

"काय म्हणाल्या?"

"वाईट वाटलं म्हणाल्या."

हे बराच वेळ ट्रंकेची दोरी आवळत बसले. मग म्हणाले, "हिंगणघाटलेबी असनच एखादं मंडळ. पाहू." मी सामानातली भांडी पोत्यात भरत होते. मी हो म्हटलं.